आशीर्वाद झालेली गाडी

माझा धाकटा भाऊ एडवर्ड देवभोळा आहे, आणि देवभोळ्या माणसाने सेकंडहँड गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी त्याला गाडी घ्यायच्या आधीच सांगितलं होतं. पण मी जन्मभर शाळेत पोरं हाकली, त्यामुळे माझं मत लोकांना मत वाटत नाही, ओरडा वाटतो. एडवर्डने नेहमीप्रमाणे मान डोलावली आणि स्वतःच्या मनासारखं केलं.

साल अठ्ठ्याऐंशी. वसईच्या समुद्राकडच्या अंगाला, केळीच्या वाड्यांमध्ये आमचं घर. घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, आणि एडवर्डची बायको बेटी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो मुंबईच्या एका छापखान्यातून रिटायर होऊन वाडी बघत होता. त्याची एकुलती एक मुलगी पॉलिन तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई पीटर मस्कतला.

गाडीचं खूळ पीटरचं, पण त्याला मी खूळ म्हणणार नाही. पॉलिनचं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा गावात वाहन म्हणून एक टांगा, तोही सवारी घेऊन स्टेशनला गेलेला. एडवर्ड सायकल मारत रिक्षा शोधायला गेला. मी पॉलिनचा हात धरून ओट्यावर बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. रिक्षा आली, पण फार उशिरा आली. सिस्टरांच्या हॉस्पिटलात त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. मुलगा होता. रडलाच नाही.

त्यानंतर पॉलिन त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही. या वेळी दिवस गेल्यावर मात्र तिने नवऱ्याला एकच मागणं केलं, की बाळंतपणाच्या वेळी अंगणात गाडी उभी पाहिजे. पीटरने ओव्हरटाइम करून पैसे पाठवले. तेव्हा ही गाडी काही मिरवायला घेतलेली नव्हती.

ती घेतली आलोशियसकडून. गोखिवऱ्याच्या रस्त्याला त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे रांगेत धुऊनपुसून लावलेल्या गाड्या. हा आलोशियस आमच्याच चर्चचा, आणि तिसरीत माझ्याच हाताखाली शिकलेला. तेव्हाही दुसऱ्याच्या पाटीवरची गणितं उतरवून स्वतःची म्हणून दाखवायचा. हेही मी एडवर्डला सांगितलं होतं.

"अगं बाय, तेव्हा तो आठ वर्षांचा होता," एडवर्ड म्हणाला. "आता आपल्याच चर्चचा माणूस आहे. आपल्या माणसाला फसवेल का तो?"

"निदान त्या बळीरामला तरी दाखव आधी," मी म्हटलं. बळीराम म्हणजे नायगावकडचा मेकॅनिक. त्याचं गॅरेज खाडीजवळ होतं.

"दाखवतो की. आधी आशीर्वाद होऊ दे, मग दाखवू."

इथेच चुकलं. आमच्याकडे घरात वाहन आलं, मग ते नवं असो की जुनं, की ते पहिल्यांदा चर्चला न्यायचं. रविवारची मिस्सा सुटली की गाडी चर्चच्या अंगणात उभी करायची, बॉनेटला झेंडूचा हार घालायचा, फादर येऊन प्रार्थना म्हणतात, पवित्र पाणी शिंपडतात, मग सगळ्यांना पेढे. त्याआधी गाडी रस्त्यावर फिरवायची नाही. आलोशियसला हे आमच्याइतकंच ठाऊक. त्याने शनिवारी संध्याकाळी गाडी आमच्या अंगणात आणून लावली आणि रविवारी सकाळी तिला आशीर्वाद झालासुद्धा. मधे बळीरामला दाखवायला वेळच नव्हता. आलोशियस स्वतः त्या दिवशी गाडीशेजारी उभा होता. पेढे त्याने दोन खाल्ले.

गाडी दिसायला छान होती. फिकट निळी, आतल्या गाद्या नव्याने शिवलेल्या. एडवर्डने आरशाला रोझरी लटकवली. पॉलिन मागच्या सीटवर बसून बघून आली आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. तिला तसं हसताना बघून मीही माझं तोंड बंद ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात तिला तपासणीला न्यायचं होतं. मोठ्या ऐटीत निघालो. निम्मा रस्ताही झाला नसेल, बॉनेटमधून वाफ यायला लागली. मग भसकन गरम पाणी बाहेर आलं आणि गाडी जागीच थांबली. दुपारचं ऊन, आजूबाजूला मिठागरं, सावलीला झाड नाही. पॉलिन पोटावर हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभी. शेवटी भाजीच्या टेम्पोवाल्याला दया आली. त्याच्या शेजारच्या सीटवर तिला बसवून घरी आणली. वाटेत ती काहीच बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मला चांगलं ओळखीचं होतं.

आलोशियसने माणूस पाठवला. त्याने एक रबरी पाइप बदलला, पाणी भरलं आणि "आता काश्मीरला घेऊन जा" म्हणून गेला. आमची गाडी पापडीच्या बाजारापर्यंतही गेली नाही.

मग मात्र मी एडवर्डचं ऐकलं नाही. गाडी बैल लावून बळीरामकडे ओढून नेली. बळीराम कमी बोलणारा माणूस. त्याने टॉर्च लावली, चिंधीने एक जागा पुसली, स्क्रू ड्रायव्हरने खरवडली. वरचा काळा रंग निघाला, खाली राखाडी लुकणासारखं काहीतरी, आणि ते निघाल्यावर बोटभर लांब चीर.

"इंजिनाचा ब्लॉक फुटलाय," तो म्हणाला. "पानी इथून जातंय. कोनीतरी भरून वरून रंग मारलाय. रंग नवाच हाये."

"दुरुस्त नाय होणार?" एडवर्डने विचारलं.

"पुना भरता येल. पुना फुटल. पोटुशी बाई हाये घरात, मी तर सांगनार नाय हिच्यावर भरोसा ठेवा म्हनून."

एडवर्डचा चेहरा उतरला. मला मात्र राग आला होता, आणि राग आला की माझी तब्येत सुधारते. गाडी ओढून परत घरी आणली आणि मी म्हटलं, आता जा आणि पैसे परत मागून आण. तू गाडी घेतलीस, तूच जा.

तो गेला, आणि संध्याकाळी परतला तो खांदे पाडून. आलोशियसने त्याला चहा पाजला होता, खुर्ची दिली होती, आणि दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, पावतीवर खाली छापलंय की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दुसरी ऐकून मी पाखडायला घेतलेलं तांदळाचं सूप खाली ठेवलं.

"तो म्हणतो, आशीर्वाद झालेली गाडी मी परत कशी घेऊ? आशीर्वाद दिलेली मूर्ती, रोझरी आपण कधी विकतो का? दुकानात परत देतो का? देवाच्या नावाने पाणी पडलेली वस्तू परत घेऊन दुसऱ्या कुणाला विकायची म्हणजे पाप, म्हणतो. आणि परत करणाऱ्यालाही लागतं म्हणतो."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार, बाय? बरोबरच आहे त्याचं. मूर्ती आपण परत देत नाय."

मी त्याला सांगितलं की गाडी ही मूर्ती नाही, मूर्ती तापत नाही. पण एडवर्डच्या मनात एकदा पाप शिरलं की बाहेर निघत नाही. त्या रात्री तो जेवला नाही. पॉलिनने भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. सकाळी ती मला म्हणाली, "आत्या, टांगेवाल्या काकांना सांगून ठेवूया का, की महिनाभर त्यांनी स्टेशनला जाऊ नये?" अगदी साध्या आवाजात म्हणाली. तारीख तीन आठवड्यांवर आली होती.

मी उठले आणि शेजारच्या वाडीत गेले. तिथल्या नरहरीभाऊंची सून जयवंती वसई कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली काम करायची. पोरगी हुशार, आणि हुशारी अंगावर घालून फिरत नाही, म्हणून मला आवडते. तिने मला बसवलं आणि नीट सगळं ऐकून घेतलं.

"टीचर, तुम्ही आधी त्या पावतीची काळजी सोडा," ती म्हणाली. "ग्राहकांसाठी नवा कायदा झालाय. दोष लपवून माल विकला, तर पावतीवर काय छापलंय त्याने विकणारा सुटत नाही."

"पण गाडी जुनीच होती ना गं. जुनी म्हणूनच घेतली."

"जुनी गाडी जुन्या गाडीसारखी तरी चालायला हवी की नाही? टायर झिजलेत, रंग उडालाय, अशी तक्रार तुम्हाला करता येणार नाही. ते तुम्ही डोळ्यांनी बघून घेतलंत. पण फुटलेल्या इंजिनावर रंग मारून दिला, त्याला जुनेपणा नाही म्हणत. दोष काढून दे, नाहीतर दुसरी गाडी दे, नाहीतर पैसे परत दे, असं मागायचा तुमचा हक्क आहे. वकील लागत नाही, फीही नाही. ठाण्याला जिल्ह्याचा ग्राहक मंच बसायचाय, थोडा वेळ लागेल. पण कायदा आजही लागू आहे, आणि हे त्यालाही कळू दे."

मग तिने दोन गोष्टी बजावल्या. गाडी आता अजिबात चालवायची नाही, आणि दुरुस्तीच्या नावाखाली आलोशियसच्या ताब्यात द्यायची नाही. ती खरवडलेली चीर आहे तशी राहिली पाहिजे, आणि बळीरामने जे पाहिलं ते तो चारचौघांत सांगायला तयार हवा.

मी उड्या मारतच घरी आले. माझ्या वयात जेवढ्या मारता येतात तेवढ्या. एडवर्डला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "कायदा सरकारचा आहे, बाय. आशीर्वाद सरकारचा नाय."

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं? जयवंतीच्या कायद्यात सगळं होतं, पण आमच्या चर्चच्या अंगणात पडलेल्या पवित्र पाण्याचं काय करायचं ते नव्हतं. माझ्याही मनात, खरं सांगते, बारीकसं कुसळ होतंच. आशीर्वाद दिलेली वस्तू विकत नाहीत, हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं.

मग मी फादर जेम्स यांच्याकडे गेले. ते बागेत भेंडी तोडत होते. मी म्हटलं, फादर, तुम्ही आमच्या गाडीला आशीर्वाद दिलात, आता ती परत करता येते का, तेवढं सांगा. आणि आलोशियस काय म्हणाला तेही सांगितलं.

फादरांनी भेंडीची टोपली खाली ठेवली. मला वाटलं, रागावले. पण ते हसत होते.

"रोझमेरी टीचर, मी प्रार्थना मराठीतच म्हटली होती ना? ऐकली नाही का कुणी?"

"ऐकली फादर, पण मागे पोरं हॉर्न वाजवत होती."

"त्यात मी काय मागितलं? या गाडीतून जे जातील ते सुखरूप पोचोत. आशीर्वाद बसणाऱ्यांसाठी मागितला. लोखंडाला मी कशाला आशीर्वाद देऊ? लोखंडाला कुठे जायचंय? एडवर्डला सांगा, गाडी परत गेली तरी आशीर्वाद तुमच्या घरीच राहतो. पॉलिनजवळ." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि फुटलेलं इंजिन झाकायला देवाचं नाव पुढे करणं, हे पाप आहे की नाही, ते आलोशियसने कन्फेशनला येऊन मला विचारावं."

"तुम्ही बोलाल त्याच्याशी?"

"मी नाही बोलणार. हा तुमचा व्यवहार आहे. पण गाडी पुन्हा अंगणात आणलीत, तर मी पुन्हा प्रार्थना म्हणेन. कितीही वेळा म्हणेन."

हे शेवटचं वाक्य ते सहज बोलले की मुद्दाम, ते मला आजही माहीत नाही. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं शिजून तयार होतं.

एडवर्डला फादरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "पॉलिनजवळ राहतो, असं म्हणाले?" त्याने पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. तो उठला, गाडीत गेला, आरशाची रोझरी काढली आणि पॉलिनच्या हातात दिली. मग आत येऊन म्हणाला, "चल, जाऊया आलोशियसकडे."

आलोशियसने आम्हाला बघून खुर्च्या पुसल्या. "या टीचर. चहा सांगू?"

"चहा नको. गाडीचे पैसे परत दे."

त्याने पावतीवरची ओळ दाखवली. मी जयवंतीने सांगितलेलं सगळं त्याला शिकवलं, तिसरीतल्या मुलाला शिकवावं तसं, सावकाश. दोष लपवणं, माझा हक्क, ठाण्याचा मंच. तो हसत ऐकत होता. ठाणं त्याला लांब वाटत होतं. मग त्याने छातीवर हात ठेवला आणि आशीर्वादाची गोष्ट काढली.

"फादरांना विचारलंय," एडवर्ड म्हणाला. एरवी त्याचा आवाज कुणाच्या समोर उठत नाही. "आशीर्वाद माणसांना आहे. तो आमच्याकडे ठेवून गाडी तुला देतोय."

आलोशियसचं हसू जरा कमी झालं. तो म्हणाला, टीचर, धंदा आहे, मीही कुणाकडून तरी घेतलीच ना गाडी, मला काय माहीत आत काय होतं.

"नवा रंग तुझ्या शेडमधला आहे, आलोशियस," मी म्हटलं. "ते डबे तिथे कोपऱ्यात दिसतायत. पण ते राहू दे. मी रविवारी गाडी पुन्हा चर्चला आणणार आहे."

"कशाला?"

"पुन्हा आशीर्वाद घ्यायला. फादर हो म्हणालेत. ती चालत नाही, म्हणून बैल लावून आणीन, मिस्सा सुटायच्या वेळेला, मधल्या रस्त्याने. आणि या वेळी बॉनेट उघडं ठेवणार. हार त्या चिरेवर घालणार. बळीरामला टॉर्च घेऊन शेजारी उभा करीन. ज्याला बघायचंय तो बघेल. तूही ये, मागच्या वेळी आला होतास तसा."

बाहेर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांकडे आलोशियसची नजर गेली. त्यातली प्रत्येक गाडी आमच्याच लोकांपैकी कुणीतरी घेणार होतं, आणि तीही आधी चर्चलाच येणार होती. ठाणं लांब होतं, पण चर्चचं अंगण त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यात येऊन बसलं होतं.

"टीचर, असं काय करता," तो म्हणाला. "दुसरी गाडी घेऊन जा. ती हिरवी घ्या. एकदम मस्त इंजिन आहे."

"दुरुस्ती, बदली की पैसे, हे मी ठरवणार. मी पैसे म्हणते."

शनिवारी त्याने पैसे आणून दिले, आणि निळी गाडी ओढून नेली. जाताना माझ्याशी बोलला नाही, पण एडवर्डला "सॉरी अंकल" म्हणाला. ते मनापासून होतं की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. त्या दुपारी एडवर्डने बोंबलाचं कालवण आणि भात दोनदा वाढून घेतला. पॉलिन त्याच्याकडे बघत होती. किती तरी दिवसांनी आमच्या घरात भांड्यांचा आवाज आवाजासारखा ऐकू आला. माझा जीव भांड्यात पडला म्हणायचा, तर तो तेव्हाच पडला.

दुसरी गाडी आम्ही नालासोपाऱ्याच्या एका रिटायर झालेल्या मास्तरांकडून घेतली. या वेळी क्रम बदलला. आधी बळीरामने तिला उलटीपालटी करून बघितली आणि आगाशीपर्यंत दोन चकरा मारल्या. "पानी पीत नाय," एवढंच म्हणाला. त्याच्यापुरतं ते मोठं भाषण होतं. मग फादर. गाडी जुनाट, तपकिरी, एक दार आतून उघडत नसे. त्याचं आम्हाला काही नव्हतं. ते आम्ही बघून घेतलं होतं.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, आम्ही जेवायला बसलो असताना. पॉलिनने ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत तो जुना दिवस होता. मी तिचा हात धरला. एडवर्ड हात न धुताच बाहेर धावला. किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. रस्त्यात मी बॉनेटकडे, वाफ येतेय का तिकडे, आकाशाकडे, सगळीकडे बघत होते. पॉलिन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रोझरी मुठीत आवळून होती. मिठागरं गेली, बाजार गेला, हॉस्पिटलचं फाटक आलं. सिस्टर स्ट्रेचर घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलीत."

हे दोन शब्द ऐकायला आम्ही किती वाट बघितली होती, ते त्या सिस्टरला काय माहीत.

मी पॉलिनबरोबर आत गेले. एडवर्ड बाहेरच राहिला. आत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मग आतून आवाज आला. रडण्याचा. चांगला खणखणीत, रागावलेला, माझ्यासारखा. मी आयुष्यात इतकी मुलं रडताना ऐकली, गप्प बसा म्हणून ओरडले, पण त्या आवाजाला मी म्हटलं, रड बाई, अजून रड.

डोळे पुसून मी एडवर्डला सांगायला बाहेर आले. फाटकाशी वॉचमन कुणावर तरी चिडला होता. "ओ काका, किती वेळ झाला, बंद करा ना, सगळा धूर वॉर्डात येतोय."

एडवर्ड गाडीतच बसलेला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, घामाने शर्ट भिजलेला. इंजिन चालू होतं. आम्ही आत गेल्यापासून त्याने ते बंदच केलं नव्हतं. बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही तर, म्हणून.

मी खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली.

"आता बंद असू दे," मी म्हटलं. "मुलगी झाली. रडतेय."